उतरायला स्टेशन नसलेला प्रवास

कोल्हापूरच्या माणसाला लांबच्या प्रवासाचे भय कधी वाटलेले नाही. इथून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याची हद्द न ओलांडता गोंदियापर्यंत जाते. तेराशेहून अधिक किलोमीटर आणि जवळजवळ २८ तास. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपली किती तरी कुटुंबे याच गाडीने नागपूर गाठत आली आहेत, डब्यात पाय ठेवायला जागा नसताना दाराजवळ पथारी टाकून. आठवड्यातून एकदा धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस तर त्याहून लांब पल्ल्याची. या गाड्यांतून उतरलेला माणूस अंग दुखते म्हणेल, धुळीने घसा बसला म्हणेल. जीव गुदमरला असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.

विमानाचे वेगळे आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तासांत पोचते. बसायला गादीची खुर्ची, जेवण जागेवर, हवा थंड. तरीसुद्धा जाऊन आलेली वडीलधारी माणसे दबक्या आवाजात सांगतात, ‘परत नको बाबा.’ पैशाची सोय असून, मुलाने तिकीट काढून दिले असूनही, केवळ या सोळा तासांच्या धास्तीने नातवंड बघायचे राहून गेलेली दोन घरे माझ्याच गल्लीत आहेत. आणि हा प्रश्न आता बंगलेवाल्यांचाच राहिलेला नाही. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, वस्तीतली मुलेही त्यांत शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथून काही परदेशी गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील विद्यार्थी दरवर्षी बाहेर जात असतात. मुले तिथे स्थिरावली की मागोमाग बाळंतपणाला आई निघते. हा लेख त्या आईसाठी आणि तिला विमानात बसवून देणाऱ्यांसाठी आहे.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे बाळंतपण होते. आई सत्तरीची, रक्तदाबाची गोळी चालू, शाळा चौथीपर्यंत. तिने पाहिलेले जग म्हणजे नागपूर, दादरची चैत्यभूमी आणि एकदा बोधगया. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळले, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण दगावले. ती दृश्ये आईने दूरदर्शन संचासमोर बसून दिवसभर पाहिली होती. त्यानंतर तिकिटाचा विषय निघाला की ती उठून आत जाई. शेवटी म्हणाली, ‘‘पोरीला सांग, मी हितनं डिंकाचं लाडू धाडतो. तिथं येऊन मी काय करणार?’’

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कचेरीत रोज आकड्यांशीच गाठ. रस्त्यावर वर्षाकाठी किती माणसे मरतात आणि विमानात किती, हे मी तिला सांगून पाहिले. ‘‘पण त्ये पडलं न्हवं?’’ एवढेच ती म्हणाली. त्यावर कोणाकडेही उत्तर नसते. घाबरलेल्या माणसासमोर टक्केवारी ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला बाजारभाव वाचून दाखवण्यासारखे आहे.

उपयोग झाला तो उजळाईवाडीचा. आपला विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. मधली कित्येक वर्षे तिथे विमानापेक्षा गवतच जास्त असे. मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, आता मुंबई, हैदराबादची विमाने येतात-जातात. एका रविवारी आईला स्कूटरवर घेऊन कुंपणाकडेच्या रस्त्याला गेलो. सामान चढवण्याचे काम करणारा वस्तीतला एक मुलगा पाळी संपवून तिथे आला होता. त्याने आईला जे सांगितले ते मला कुठल्या पुस्तकात मिळाले नव्हते. विमान वर उचलले की थोड्या वेळाने पायाखाली धाडकन आवाज होतो, ती चाके पोटात गेली. मग इंजिनाचा आवाज एकदम उतरतो. नवखा माणूस इथेच हाय खातो, त्याला वाटते इंजिन बंद पडले. पण चढण संपत आली की जसा ड्रायव्हर पाय हलका करतो तसेच ते असते. उतरण्याआधी पंखांतून घरघर ऐकू येते, तेव्हा तिथल्या फळ्या बाहेर निघत असतात. आणि मध्येच गदागदा हलते ते हवेतल्या उलटसुलट झोतांमुळे. ‘‘मावशी, गगनबावड्याच्या घाटात एसटी हलती तेवढंच. तिथं तर बाजूला दरी असती,’’ तो म्हणाला. आईने घाट पाहिलेला होता. ती हसली.

फक्त हलते तेव्हा पट्टा बांधलेला हवा, हे त्याने बजावून सांगितले, आणि ते खरे आहे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला चाललेल्या विमानाला असाच जबर हिसका बसला, एक प्रवासी मरण पावला आणि पट्टा न बांधलेले पुष्कळ जण छताला आदळून जखमी झाले. बसल्या जागी पट्टा सैल का होईना, कमरेला असू द्यावा. झोपतानाही.

निघण्याच्या आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली, दिवसभर चेंबूरला मावसभावाकडे पाठ टेकली आणि मध्यरात्रीनंतर विमानात बसलो. चाकांचा आवाज झाला तेव्हा आईने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू ओळखीचा माणूस भेटला. मला वाटले, जिंकलो. खरी परीक्षा सहा तासांनी होती.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिमेकडे जाणारे विमान रात्रीबरोबरच चालते. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडली की पृथ्वी जिकडून सूर्याकडे वळते तिच्या उलट दिशेने आपण पळत असतो, त्यामुळे सूर्य मागेच राहतो. अरबी समुद्र गेला, तुर्कस्तान गेले, युरोप गेला, खिडकीबाहेर काळोख तो काळोखच. मनगटावरच्या घड्याळात सकाळचे नऊ, पोटाला चहाची वेळ झालेली आणि बाहेर अंधार. शेतात, कारखान्यात राबलेल्या, उजाडण्यावर आयुष्य मोजलेल्या माणसाला हे सोसत नाही. त्यात जेवण झाले की दिवे मालवतात. खिडकीत स्टेशन नाही, चहावाल्याची हाळी नाही, दौंडला अर्धा तास गाडी थांबली म्हणून खाली उतरून हातपाय मोकळे करणे नाही. २८ तासांची गाडी सोसते आणि सोळा तासांचे विमान सोसत नाही, त्याचे कारण मला इथे सापडले. गाडीतून आपल्याला उतरायचे नसते, परंतु उतरता येते.

आईने माझा हात धरला. तळवा ओला होता. ‘‘थांबवा म्हनावं. मला उतरायचंय. छातीवर कुनीतरी बसल्यागत हुतंय.’’

रक्तदाबाच्या माणसाने असे म्हटले की मुलाच्या मनात काय येते ते सांगायला नको. दुखते का, हातात कळ येते का, घाम कसला, हे विचारून घेतले. तसले काही असते तर विमानातल्या सेवकांना तत्काळ सांगायला हवे. त्यांच्याकडे प्राणवायू असतो आणि प्रवाशांत डॉक्टर आहे का हे ते पुकारून विचारतात. आईला दुखत नव्हते. कोंडल्यासारखे होत होते. तिला विचारले, पाणी शेवटचे कधी प्यालीस? ती गप्प राहिली. मुंबईपासून तिने पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता.

बहिणीने प्रेमाने आईला खिडकीची जागा घेतली होती. मधे मी, आणि वाटेच्या कडेला सुटाबुटातले एक गृहस्थ झोपलेले. पाणी प्यायले तर संडासला जावे लागेल, संडासला जायचे तर त्या गृहस्थांना उठवावे लागेल. ‘‘कशाला त्या मान्साला तरास?’’ म्हणून सहा तास ती अंग चोरून, तोंड मिटून बसली होती. मला तिचे बालपण ठाऊक आहे. कागल तालुक्यातल्या ज्या गावात ती वाढली तिथे पाण्यासाठी लांब उभे राहून कोणीतरी ओंजळीत ओतण्याची वाट बघावी लागे. पाणी मागणे म्हणजे कोणाला तरी त्रास देणे, हे ज्या वयात अंगात मुरले ते सत्तरीतही निघत नाही. आणि हा संकोच एकट्या माझ्या आईचा नाही. विमानात हाक मारायची कळ डोक्यावर असते, ती दाबायला हात वर जात नाही. खालच्या आवाजात मी तिला एवढेच म्हणालो, ‘‘आई, त्यांचं तिकीट आणि तुझं तिकीट एकाच दराचं आहे.’’

त्या गृहस्थांना उठवले. ते निमूट उठले, आणि जागा बदलायची का म्हणून त्यांनीच विचारले. त्यांना खिडकीला डोके टेकून झोपायचे होते. इतका साधा तो प्रश्न होता.

तिच्या शरीरात काय चालले होते तेही समजून घ्यावे. विमान ३५ हजार फुटांच्या आसपास उडते, पण आतली हवा दाबून सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतकी ठेवतात. कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. म्हणजे आपण सोळा तास कळसूबाईच्या वर बसलेलो असतो. धाप लागत नाही, पण प्राणवायू थोडा कमीच मिळतो. हवेतला ओलावा दहा-वीस टक्क्यांवर येतो, पावसाळ्यातल्या कोल्हापूरकराला त्याची कल्पनाही यायची नाही. नाक, ओठ, डोळे कोरडे पडतात. बाहेरचा दाब कमी झाल्याने पोटातला वायू चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतो आणि पोट छातीला रेटते. निघण्याच्या दिवशी हरभऱ्याची उसळ आणि तांबडा-पांढरा नको, तो या कारणाने. पाय लोंबते राहिल्याने रक्त पोटऱ्यांत साचते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार तासांहून जास्त एका जागी बसून केलेल्या प्रवासाने शिरेत गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असे दिसले. धोका तसा लहान, सुमारे सहा हजारांत एक. पण वय झालेले, नुकतेच ऑपरेशन झालेले किंवा पूर्वी गाठ झालेले असतील त्यांनी डॉक्टरला आधी विचारावे. हा सगळा मारा एकदम झाला की शरीर मनाला निरोप देते, काहीतरी बिघडले आहे. मन त्याला भीती हे नाव देते.

आईला मी विमानाच्या शेपटाकडे नेले. स्वयंपाकाच्या कपाटांजवळ तिथे चार माणसे उभी राहतील एवढी मोकळी जागा असते. आणि काय सांगावे, तिथे आधीच पाणवठा भरलेला! एक गुजराती आजी, दोन आंध्रच्या, एक बार्शीकडच्या. सगळ्या बाळंतपणाला निघालेल्या. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाच्या सुनेचे दिवस भरलेले. गुजराती बाई टाचा उचलून परत टेकवत होत्या, त्यांचे पाहून आईने तेच सुरू केले. पोटरीचे स्नायू असे आवळले-सोडले की साचलेले रक्त वर ढकलले जाते, हे डॉक्टरही सांगतात. हवाईसुंदरी केरळची होती, तिने प्रत्येकीला पाण्याचा पेला भरून दिला, आईने दोन घेतले. बार्शीच्या बाईंनी आईला आडनाव विचारले. आईने सांगितले. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, ‘‘तुमचा उजवा दुखतो का डावा?’’ आणि गुडघ्यांचे बोलणे पुढे सुरू झाले.

पाऊण तासाने आई जागेवर आली तेव्हा तळवे कोरडे होते.

पुढच्या तासांसाठी दोन गोष्टी कामाला आल्या. आमच्या शेजारच्या ताई हातकणंगल्याजवळ आळते येथील विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आल्या आहेत. त्यांनी आईला आनापान शिकवले होते. नाकाच्या टोकाशी श्वास येतो-जातो तिकडे नुसते लक्ष ठेवायचे. शिबिरांविषयी आपल्यात मतभेद आहेत, त्यात इथे शिरत नाही. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की छातीतली धडधड उतरते, एवढे माझ्यासारख्या न बसणाऱ्यालाही अनुभवाला आले. मात्र ते घरून शिकून जावे. बुडायला लागल्यावर पोहणे शिकता येत नाही.

दुसरी गोष्ट आईची स्वतःची. बाळाच्या टोपड्याला लावायला ती रंगीत धाग्यांचे गोंडे करीत होती. कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही, म्हणून धागे घरीच मापाने कापून नेलेले. एक गोंडा व्हायला तिला साधारण तास लागे, कारण मध्ये गप्पा, मध्ये डुलकी. मी कचेरीच्या सवयीने कागदावर सोळा चौकोन आखले होते, जेवण, चालणे, झोप अशी खाती पाडून. तो कागद मीच चौथ्या चौकोनानंतर पाहिला नाही. आई मात्र नकाशाच्या पडद्याकडे न बघता सांगत होती, ‘‘अजून पाच गोंडं.’’ हाताला काम असले की वेळेला दांडी मिळते धरायला. समोरच्या पडद्यावरच्या सिनेमाने ते होत नाही, तिने एकही पाहिला नाही.

पडद्यावरच्या नकाशात इटलीचा बूट दिसला तेव्हा मला एक गोष्ट आठवली, ती मी आईला उतरल्यावर सांगितली. कोल्हापूरचे एक राजाराम महाराज १८७० साली बोटीने विलायतेला गेले. वय अवघे वीस. प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत लिहिली, ती पुढे १८७२ मध्ये छापली गेली. परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला ते वारले. अर्नो नदीच्या संगमावर त्यांचे दहन झाले, तिथे त्यांचे स्मारक आहे आणि शेजारच्या पुलाला तिथले लोक भारतीयाचा पूल म्हणतात. १९०२ साली शाहू महाराज राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले, आणि पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा तो २६ जुलैचा हुकूम ते तिकडे असतानाच इथे निघाला. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेही बोटीनेच. बोटीला आठवडे लागत, पण फिरायला डेक असे आणि रोज सूर्य उगवत असे. आपल्याला त्यांच्या आठवड्यांच्या जागी सोळा तास मिळाले आणि डेक गेला.

आता थोडे व्यवहाराचे. तिकीट काढतानाच वाटेच्या कडेची जागा मागावी. वयस्कर माणसासाठी चाकाची खुर्ची त्याच वेळी सांगून ठेवावी, तिचे पैसे पडत नाहीत, आणि ढकलणारा माणूस सोबत असला की पाट्या न वाचता येण्याची धास्ती जाते. आई आधी ‘‘मी लुळी हाय का?’’ म्हणून रुसली, न्यूयॉर्कच्या रांगेत तिचे मत बदलले. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात; घड्याळ साडेनऊ तास मागे जाते (थंडीत साडेदहा), तेव्हा गोळी कोणत्या वेळेला हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. तिने माणूस लाकडासारखा पडून राहतो, मग पायांचे काय? उतरताना कान दुखतात, तेव्हा गोळी चघळावी, आवंढा गिळावा. चपाती आणि शेंगदाण्याची चटणी विमानात खुशाल खावी. फळे आणि मटणाचे काही अमेरिकेत उतरवू देत नाहीत.

माझी रजा वीस दिवसांची, मी परत आलो. आई जानेवारीपर्यंत राहिली आणि येताना एकटी आली. पूर्वेकडे येताना वरच्या हवेचा झोत पाठीशी असतो, त्यामुळे दोनेक तास कमी लागतात. बहिणीने तिला एका पुठ्ठ्यावर ‘पाणी हवे’, ‘उभे राहायचे आहे’, ‘बरे वाटत नाही’ असे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते, खाली मराठीत. सहार विमानतळावर ती बाहेर आली ती खुर्ची ढकलणाऱ्या मुलाशी बोलतच. पुठ्ठा वापरलास का, मी विचारले.

‘‘एकदाच. माझ्यासाठी न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘साताऱ्याकडची एक बाई हुती, पुढच्या वळीत. रडाय लागली, उतरवा म्हनून. मी पुठ्ठा दावून पानी मागवलं. मग तिला म्हटलं, ऊठ, चल मागं. तिथं जागा हाय उभं ऱ्हायला.’’